मोहाखालची पहाट

चैत्रात आपल्या गोंदिया जिल्ह्यात मोहफुलं रात्रभर टपटपतात. उशीर झाला की ढोरं नि हरणं खाऊन जातात, म्हणून बाया टोपली घेऊन अंधारातच निघतात. वनखातं बजावतं: उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकट्या जाऊ नका, झाडाखालचा पाला पेटवू नका. कारण इथलं नवेगाव-नागझिराचं जंगल २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावर वाटू शकतं. वेचायचा हक्क मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यानंच दिलेला. पाल्याचा नियम मला पुरता पटतो; ठिणगी काही शेजाऱ्याला विचारून उडत नाही. पण उजाडेपर्यंत थांबायचं, तर अर्धी राहिलेली टोपली कोण भरून देणार? चौघीजणी मिळून, बोलत-खाकरत जाणं तेवढं हातातलं. अंगणात कालची फुलं सुकताहेत, बोटं अजून चिकट आहेत.