तेज, उष्णता आणि उपाधी

अंबाजोगाईचे दासोपंत (1551–1615) यांनी सुमारे 40 फूट लांबीच्या कापडी पासोडीवर पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांच्या मिश्रणातून स्थूल देह कसा घडतो याचे विवरण, लिहून ठेवले. या महाभूतांपैकी तेजाला न्यायशास्त्र उष्ण स्पर्श आणि प्रकाशमान रूप असे दोन धर्म देते. हे दोन्ही धर्म देहात एकत्रच वाढतात काय, हा प्रश्न प्रतिदीप्तीच्या अभ्यासाने नव्याने उभा केला आहे.

पेशीत अन्नाचे ज्वलन, म्हणजेच चयापचय, चालू असताना एनएडीएच आणि एफएडी ही द्रव्ये इलेक्ट्रॉनांची ने-आण करतात. पहिल्यावर 340 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील किरण टाकला तर निळसर आणि दुसऱ्यावर निळा किरण टाकला तर हिरवट प्रकाश बाहेर पडतो, आणि तीच प्रतिदीप्ती होय. एनएडीएच इलेक्ट्रॉन देऊन बसले की त्याची ही दीप्ती मावळते, एफएडीची इलेक्ट्रॉन स्वीकारल्यावर मंदावते, म्हणून दोन्ही प्रकाशांच्या गुणोत्तरावरून ज्वलनाची अवस्था ताडता येते. ब्रिटन चान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये जिवंत प्राण्याच्या मेंदूत व मूत्रपिंडात एनएडीएचच्या दीप्तीवरून ही अवस्था टिपता येते हे दाखवले.

परंतु ऊतक तापले की शोषलेली ऊर्जा रेणूंच्या टकरींत खर्ची पडते आणि प्रकाश घटतो. त्याच वेळी विकरांचा वेग वाढतो, साधारणतः 10 अंशांमागे दुप्पट-तिप्पट. त्यामुळे मंद झालेली प्रतिमा चयापचयातील बदल सांगते की केवळ उष्णतेचा परिणाम, हे तापमानाची नोंद नसेल तर ठरवता येत नाही. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर, ऊतक गोठवले तर दीप्ती उजळते खरी, पण ज्वलन थांबलेले असते.

दासोपंतांना हे विज्ञान ठाऊक होते असे म्हणणे त्यांच्यावर आणि विज्ञानावर सारखाच अन्याय करणे होय. तरीही वेदान्ताची उपाधीची कल्पना येथे मोलाची ठरते. जवळ ठेवलेल्या जास्वंदीमुळे स्फटिक तांबडा दिसतो, तेव्हा ते फूल ही उपाधी असते, आणि ते दूर केले की स्फटिक मूळ रूपात दिसतो. तापमान हीही पाहणाऱ्याला चकवणारी उपाधीच आहे, मात्र ती काढून घेतली तर ज्याचा शोध चालला आहे ते जिवंत ज्वलनच उरत नाही. ज्यांची समाधी अंबाजोगाईत दाखवली जाते त्या मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’ने मांडलेल्या अद्वैतातला साक्षी, म्हणजे केवळ पाहणारे चैतन्य, अशा सर्व उपाधींपासून अलिप्त मानला आहे, यंत्राला ते स्थान देता येत नाही, कारण प्रकाश टिपणारा त्याचा संवेदकही उष्णतेने बदलतो आणि म्हणून तो दृश्याच्याच बाजूला राहतो.