यंत्राला कुठे पक्ष असतो?

28 मे 2018 रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. नाना पटोले यांनी डिसेंबर 2017 मध्ये खासदारकीचा राजीनामा दिल्याने जागा रिकामी होती. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वाधिक तापणारे नऊ दिवस, सुरू होता. पूर्व विदर्भातला नवतपा ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला त्या दिवसाचे वर्णन करून सांगायला नको. मतदान सुरू झाले आणि ठिकठिकाणी यंत्रे, विशेषतः मताची चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रे, बंद पडू लागली. उन्हाचे कारण पुढे आले, प्रखर उजेडाचेही आले. विरोधकांना त्यात डाव दिसला. निवडणूक आयोगाने 49 केंद्रांवर 30 मे रोजी फेरमतदान घेतले आणि गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांची बदली केली. 31 मे रोजी राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले आणि डावाची चर्चा विरली. हरणाऱ्याला सदोष वाटणारे यंत्र जिंकणाऱ्याच्या घरी एका रात्रीत दुरुस्त होते, हा आपला सर्वपक्षीय अनुभव आहे.

यंत्राच्या बाजूने एक बचाव सहज करता येतो: यंत्राला कुठे पक्ष असतो? बंद पडले तेव्हा त्यावरची सगळी बटणे सारखीच बंद पडली. हे खरे आहे, आणि यंत्र तटस्थ होते एवढेच त्यातून सिद्ध होते. तटस्थ आणि निःपक्षपाती हे शब्द आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो, आणि तिथेच घोटाळा होतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पाण्यात कोण बुडते आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पक्षपात टाळायचा असेल तर मात्र आधी पाण्यात उतरावे लागते, दोन्ही बाजूंचे वजन हाताने पाहावे लागते आणि मग एका बाजूला झुकायचे नाही, असा तोल सांभाळावा लागतो.

मे महिना हा इकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जायचे, ऊन चढायच्या आत पाने तोडायची, घरी येऊन पुडे बांधायचे आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. अशा बाईच्या केंद्रावरचे यंत्र दोन तास बंद राहिले आणि गावात गाडी असलेल्याच्या केंद्रावरचेही तितकेच बंद राहिले, असे समजू. बिघाड समान, वेळ समान. गाडीवाला संध्याकाळी पुन्हा येईल. ती येईलच असे नाही. त्या दिवसाची मजुरी की मत, असा हिशेब तिच्यापुढे असतो. कोणी कोणाचा पक्ष घेतला नाही, तरी नुकसान एकाच बाजूला साचले. धान खरेदी केंद्रावरही हेच होते. आधी येईल त्याचे धान आधी मोजायचे, हा नियम वरून पाहता कोणाचाच नाही. प्रत्यक्षात तो स्वतःचा ट्रॅक्टर असलेल्याचा असतो.

म्हणूनच फेरमतदानाचा निर्णय मला तटस्थतेचा वाटत नाही, आणि ही मी त्याची स्तुती करतो आहे. 49 केंद्रे निवडणे म्हणजे बाकीची सोडणे. तिथे कोणीतरी डोके चालवले, इथला व्यत्यय मोठा आणि तिथला सोसण्याजोगा, असे ठरवले. जो ठरवतो त्याच्यावर पक्षपाताचा आरोप होणारच. काठावर बसणाऱ्यावर तो सहसा होत नाही. आपल्याकडे बरेच अधिकारी आणि थोडेफार संपादकही काठ पसंत करतात, त्याचे कारण हे असावे. मंत्र्यांची शपथ मात्र काठाची सोय ठेवत नाही. तिच्यात ममत्वभाव नको आणि आकस नको, असे म्हटले आहे, पण ती तेवढ्यावर थांबत नाही. सर्वांना न्याय्य वागणूक देईन, असे त्यापुढे आहे. वागणूक द्यायची म्हणजे काहीतरी करायचे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या बदलीबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. बदली म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे प्रशासनात सगळ्यांना माहीत असते आणि चावडीवर कोणालाच पटत नाही. निवडणुकीच्या काळात आयोगाला तो अधिकार आहे, आणि लोकांचा विश्वास टिकवण्यासाठी तो कधी वापरावाही लागतो. पण निःपक्षपात दिसावा म्हणून माणूस हलवणे सोपे आहे. तो कळावा म्हणून कारणे मांडणे कष्टाचे आहे. हेच 49 का, शेजारच्या गावचे का नाही, किती वेळ यंत्र बंद राहिले की फेरमतदान होते, हे केंद्राच्या दारावर मराठीत लावलेल्या एका कागदावर बसू शकते. हरलेल्या उमेदवाराच्या माणसाला तो वाचून त्यातली चूक दाखवता आली पाहिजे.