एका दिवसाची समता

धुळवडीच्या दिवशीं जालना शहरांत हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते. शतकाहून अधिक काळ चालत आलेल्या ह्या मिरवणुकींत हत्तीवर एक राजा बसलेला असतो. त्याचें राज्य त्या दिवसापुरतेंच. भोंवतीं गुलाल असा उधळला जातो कीं, कोणाची जात कोणती आणि धर्म कोणता, हें चेहऱ्यावरून ओळखणें कठीण व्हावें. शहरहि ह्या उत्सवास साजेसेंच आहे. मराठवाड्यांतील ही जुनी व्यापारपेठ. मराठी, उर्दू, मारवाडी ह्या बोली येथें एकाच बाजारांत कानीं पडतात, आणि ‘जालना सोने का पालना’ ही तिची ख्यातिसुद्धां हिंदुस्थानींत सांगितली जाते.

प्रश्न असा कीं, अशा एका दिवसाच्या समतेची किंमत काय?

कित्येक विचारी माणसें तिला दंभ म्हणतील. त्यांच्या मतें उत्सव म्हणजे उकळत्या भांड्यावरचें किंचित् सरकविलेलें झांकण होय. वाफ निघून जाते, चूल तशीच राहते. हा आक्षेप खोटा नाहीं. काल ज्याच्या कपाळीं गुलाल लाविला, त्यालाच आज खोली भाड्यानें देतांना आपण प्रथम आडनांव विचारतों. पंढरीच्या वाळवंटांत वारकरी शतकानुशतकें एकमेकांच्या पायां पडत आले. परंतु अस्पृश्य मानलेल्यांना विठ्ठलाच्या दारांतून आंत जातां येत नव्हतें. तें दार उघडावें म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ रोजीं उपोषण आरंभावें लागलें; तें १० मे रोजीं सुटलें. वाळवंटांतील समता आपोआप गाभाऱ्यापर्यंत चालत गेली नाहीं, हेंच ह्यावरून दिसतें.

तथापि दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. उत्सवांतील समता निव्वळ खेळ असती, तर ती नाकारण्यासाठीं कोणीं दगड हातीं घेतले नसते. नाशिक येथें २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षीं रामनवमीच्या उत्सवांत रथ स्पृश्य व अस्पृश्य दोघांनीं मिळून ओढावा अशी तडजोड ठरली. पण ती पाळली गेली नाहीं आणि दगडफेक झाली. एका दोराला चार हात अधिक लागले असते तर रथ जड झाला नसता. मग भय कशाचें? भय हेंच कीं, ज्यानें आज आपल्याबरोबर दोर धरला, त्याला उद्यां ‘तूं वेगळा’ असें सांगण्यास तोंड उरत नाहीं.

येथें उत्सवाचें खरें स्वरूप कळतें. तो समता देत नाहीं. ती देणें लागतों, अशी चारचौघांत दिलेली कबुली तो असतो. व्यापाऱ्यांच्या गांवाला समजेल अशा भाषेंत सांगावयाचें, तर ती एक हुंडी आहे. हुंडी म्हणजे रोख रक्कम नव्हे. म्हणून ती खोटीहि ठरत नाहीं. मात्र जी पेढी वर्षानुवर्षें हुंड्या लिहिते व एकहि वटवीत नाहीं, तिची पत जाते.

म्हणून उत्सवाची परीक्षा गर्दीवरून करूं नये. ज्याला आपण बोलाविलें, तो पाहुणा म्हणून आला कीं भागीदार म्हणून? मिरवणुकीचा मार्ग ठरवितांना, वर्गणीचा हिशेब मांडतांना त्याचा शब्द चालतो काय? आणि रंग धुऊन गेल्यावर तो आपल्या आळींत घर शोधूं लागला, तर आपण त्याला काय उत्तर देतों? सुशिक्षित कुटुंबांना ह्या शेवटल्या प्रश्नाचें उत्तर सभेंत द्यावयाचें नसून स्वतःच्या उंबरठ्यावर द्यावयाचें आहे. आणि तेथें गुलालाचा आडोसा नसतो.