आपल्यांसाठी जागा धरणे : धर्म की ममत्व?

गृहस्थाची परीक्षा मोठ्या प्रसंगी होते, असे आपण समजतो. परंतु मोठे प्रसंग आयुष्यात चार-दोनच येतात, आणि त्या वेळी मनुष्य सावध असतो. लहान प्रसंग रोज येतात. त्यांत तो बेसावध असतो, म्हणून मनाचा खरा कल तेथेच उघडा पडतो. प्रवासात आपल्या कुटुंबाला एकत्र बसता यावे म्हणून जागा धरणे, हा असाच एक लहान प्रसंग होय. कर्तव्य कोठे संपते आणि ममत्व कोठे सुरू होते, हे त्यात फार स्पष्ट दिसते.

एस. टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडविण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. विमानात मात्र असे काही संभवत नाही, अशी आपली समजूत होती. ती २००३ साली मोडली. त्या वर्षी कॅप्टन जी. आर. गोपीनाथ या माजी लष्करी अधिकाऱ्याने बंगळुरात ‘एअर डेक्कन’ ही स्वस्त भाड्याची विमानसेवा सुरू केली. हुबळीसारखी शहरे तिने राजधानीशी जोडली. सामान्य मनुष्याला विमान परवडावे हा तिचा हेतू. म्हणून फुकट जेवण नाही, आणि आसनाला क्रमांकही नाही. जो आधी चढेल त्याने हवे तेथे बसावे. विमान जमिनीवर उभे असते तोवर ते काही कमवीत नाही. प्रवासी आपण होऊन लगबगीने चढले, तर ते लवकर सुटते, हे त्यामागील गणित. अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीने हीच रीत १९७१ पासून कित्येक दशके चालविली आणि ती सोडण्याचा निर्णय २०२४ साली जाहीर केला.

हेतू चांगला होता; पण जे काम तिकिटावरील क्रमांक करीत असे, ते आता प्रत्येकाच्या विवेकाला करावे लागले. विमानाच्या पायऱ्यांशी घाई होऊ लागली, आणि ज्याच्या कडेवर मूल व हातात पिशवी, तो साहजिकच मागे पडू लागला. अशा वेळी गृहस्थाने काय करावे?

एक पक्ष म्हणतो, “कुटुंबाचा सांभाळ हाच गृहस्थाचा धर्म. आपण पुढे धावावे, चार आसनांवर चार वस्तू ठेवाव्या आणि आपली माणसे येईपर्यंत कोणास बसू देऊ नये. यात स्वार्थ कसला?” दुसरा पक्ष म्हणतो, “पुत्र, पत्नी, घर यांविषयी अनासक्ती हे तर तेराव्या अध्यायात ज्ञानाचे लक्षण म्हणून सांगितले आहे. मग कोण कोठे बसला याची चिंता कशाला?” दोन्ही पक्ष गीतेच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजेत.

दुसरा पक्ष ऐकण्यास गोड, पण घातक आहे. अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचेही तीन प्रकार केले आहेत. नेमून दिलेले कर्तव्य मोहाने टाकणे हा तामस त्याग, आणि देहाला कष्ट होतील या भयाने टाकणे हा राजस त्याग. तीन वर्षांचे मूल दोन अनोळखी माणसांमध्ये बसवून पित्याने पाच रांगा पलीकडे डोळे मिटून घेणे, हे वैराग्य नव्हे. विमान वर चढताना आणि उतरताना मुलाचे कान दुखतात, त्याला ओकारी येते, ते घाबरते. त्याचा भार परक्यावर टाकून आपण निवांत बसणे म्हणजे कर्तव्याचीच चोरी. शिवाय संकटकाळी विमान तातडीने रिकामे करावे लागले, तर आईबाप आधी मुलाकडेच धावणार, आणि अरुंद वाट सर्वांसाठी अडणार. म्हणजे मूल आईबापांजवळ असणे हे केवळ त्या कुटुंबाचे हित नसून सर्वांचे हित आहे. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना हाच आदेश दिला : बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच आरक्षणावर प्रवास करणाऱ्या आईबापांपैकी वा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी आसन द्यावे.

“निदान एकाच्या” हा शब्द नीट पाहावा. कारण पहिल्या पक्षाचे उत्तर त्यातच आहे. मुलाला एका वडील माणसाची गरज आहे. पुऱ्या गोतावळ्याची नाही. एअर डेक्कनच्या लहान एटीआर विमानांत वाटेच्या दोन्ही अंगांस दोन-दोन आसने असत, पुढे आलेल्या मोठ्या एअरबस विमानांत तीन-तीन. चार-पाच जणांचे कुटुंब एका बाकावर मावणारच नव्हते. आई व मूल शेजारी बसले की कर्तव्य पुरे झाले. त्यानंतर बाप, काका, थोरली बहीण यांनीही तेथेच बसावे म्हणून आसने अडविणे, ही गरज नव्हे, हौस आहे. हौस असणे पाप नाही. पण तिला धर्माचे नाव देणे हा मात्र मोह आहे.

मग गरज व हौस यांचा निवाडा कसा करावा? सहाव्या अध्यायात आत्मौपम्याची दृष्टी सांगितली आहे : आपल्यावरून दुसऱ्याचे सुखदुःख ओळखणे. माझ्या मुलासाठी मी जे मागतो, तेच दुसऱ्याच्या मुलासाठी मी सोडीन काय? उत्तर ‘होय’ असेल, तर मागणे धर्म्य आहे. ‘नाही’ असेल, तर ते केवळ ममत्व. अशा गृहस्थाने वेळेपूर्वी यावे, रांगेत उभे राहावे आणि जागा हक्काने न घेता विनंतीने मागावी. बदल्यात आपले चांगले आसन देऊ करावे; खिडकीची जागा मागून मधली जागा पुढे करू नये. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाने वाटेकडेची जागा सोडली नाही, तर रागावू नये. त्याचीही गरज गरजच आहे.

एकट्या प्रवाशालाही येथे एक संधी आहे. देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची आशा न धरता दिलेले ते सात्त्विक दान, असे सतराव्या अध्यायात सांगितले आहे. आसन सोडून देणाऱ्याला हे सारे एकाच क्षणी लाभते. स्थळ समोर आहे, वेळ हीच आहे, गरजू दारात उभा आहे, आणि तो पुन्हा भेटण्याचा संभव नाही. त्यासाठी लागतात ती फक्त दोन पावले.

आता सर्वांत महत्त्वाचे. जागा अडविणारा मनुष्य सहसा एक वाक्य बोलतो : “येथे माणूस बसला आहे.” माणूस तर अजून पायऱ्यांवरही पोहोचलेला नसतो. शेजारी उभे असलेले मूल ते ऐकते. ज्याच्यासाठी जागा धरली, त्यालाच आपण शिकविले की आपल्या माणसांसाठी बोललेले असत्य हे असत्य नव्हे. दीड-पावणेदोन तासांच्या बंगळूर-मुंबई प्रवासासाठी मूल आपल्या शेजारी ठेवले, आणि त्याचे मन मात्र आपल्याच हाताने आडवाटेला लावले. उद्या तेच मूल नोकरीत, व्यापारात, सार्वजनिक कामात आपल्यांसाठी जागा अडवू लागले, तर दोष कोणाला द्यावा?

एअर डेक्कनमध्ये २००७ साली किंगफिशरच्या मालकांनी भाग घेतला, २००८ मध्ये तिचे नाव बदलले, आणि २०१२ मध्ये किंगफिशरची विमानेही उडेनाशी झाली. आज आपल्याकडील विमानांत आसनाला क्रमांक असतो, आणि मनासारख्या क्रमांकासाठी बहुधा वेगळे पैसे मोजावे लागतात. पायांची धावपळ थैलीकडे गेली, एवढेच; प्रश्न तोच राहिला. म्हणून गृहस्थाने आपल्यांची काळजी अवश्य घ्यावी, आणि ती घेताना ‘आपले’ या शब्दाचे कुंपण दर प्रवासात एक आसन तरी पुढे सरकवावे. हाच संसारात राहून साधण्याजोगा योग आहे.