‘आत्ता नको’ म्हणणारी माणसं

नाशिकच्या काळारामाच्या दर्शनाला हल्ली नेत्यांची वर्दळ असते. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि उद्धव ठाकरे, दोघेही दहा दिवसांच्या अंतराने इथे येऊन गेले. याच देवळाचे दरवाजे २ मार्च १९३० रोजी बंद होते. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्यासोबत, अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून, हजारो माणसं चालत आली आणि दार बंद पाहून गोदाकाठी वळली. दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीतले १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया चारही दरवाज्यांपुढे ठाण मांडून बसले. रामनवमीला दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा तोडगा निघाला. तोही मोडला आणि दगड पडले.

सनातन्यांचं सोडा, त्यांनी आपलं मत लपवलं नव्हतं. प्रश्न पडतो तो पुढाऱ्यांचा. २ मार्चनंतर दहाच दिवसांनी दांडीयात्रा निघाली, देशभर कायदेभंग पेटला. न्याय आणि सत्याग्रह हे शब्द ज्यांच्या तोंडी होते, त्या काँग्रेसने काळारामाचा लढा मात्र आपला मानला नाही. आधी स्वराज्य, बाकीचं मग, हा क्रम तोवर अंगवळणी पडला होता.

हा क्रम कसा घडला हे पाहायचं तर टिळकांकडे जावं लागतं. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणाऱ्या विधेयकाला त्यांनी कडाडून विरोध केला. मुलींची लग्नं सोळाव्या वर्षाआधी करू नयेत, अशी प्रतिज्ञा सुधारकांनी स्वतः घ्यावी, असं सुचवणारेही तेच. परक्या सरकारने घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत भरवलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत देवाला अस्पृश्यता चालत असेल तर आपण त्याला देवच मानणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही मात्र केली नाही. काय योग्य आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणणं त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल. भाषणाने टाळ्या मिळतात, सहीने माणसं तुटतात. जी माणसं तुटली असती, ती त्यांच्या लढ्याचा कणा होती.

पुढारी बहुधा इथेच चुकतो. चूक-बरोबर त्याला कळतं. तो मोजतो समोर कोण रागावेल ते. त्या काळी मताचा अधिकार मालमत्ता, सारा आणि कर यांच्यावर ठरत असे. काळारामाच्या दारात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या रागाची किंमत मतपेटीत जवळपास शून्य होती. याउलट कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ मध्ये पाणवठे, शाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचे हुकूम काढले. (त्यांना निवडून यायचं नव्हतं हे खरं, पण तेव्हाच्या इतर कितीतरी संस्थानिकांनाही यायचं नव्हतंच की.)

या मोजमापाचा अगदी अस्सल नमुना म्हणजे मुंबई प्रांताचा १९३८ चा कायदा. विश्वस्तांची इच्छा असेल तर त्यांनी देऊळ खुलं करावं, अशी त्यात सोय होती. कोणी दुखावलं नाही आणि इच्छा नसलेल्यांवर कसली सक्तीही आली नाही. माझ्या मते इतिहास उघड विरोधकांपेक्षा अशा मधल्या वाटेवरच्यांना जास्त कडक तपासतो, आणि तो बरोबर करतो. कारण विरोधकाशी निदान भांडता येतं.

दरम्यान ज्यांना थांबायला सांगितलं होतं, ते थांबले नाहीत. मार्च १९३४ मध्ये आंबेडकरांनी गायकवाडांना पत्र लिहून काळारामाचा सत्याग्रह आवरायला सांगितलं. आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावायची होती. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा त्यांनी केली. सक्तीचा मंदिरप्रवेश कायदा झाला तो १९४७ साली. तोवर येवल्याला बारा वर्षं उलटली होती.