दहा तासांचा हिशेब

गल्लीतली एखादी गाडी मेली आहे हे सगळ्यात आधी पोरांना कळतं. मागच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने नाव लिहितं, आठवड्याने त्या नावाशेजारी बदाम येतो आणि मे महिन्यात तिच्या डिकीचा स्टंप होतो. मोठ्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो. टायरमधली हवा जाते, गाडी एका अंगाला कलते, खाली पाला साठतो, झाडणाऱ्या मावशी तेवढा भाग वगळून पुढे सरकू लागतात. मग एका संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडतो : ‘ही कोणाची?’

तिथून पुढची वाट ठरलेली. महापालिकेकडे तक्रार जाते, कर्मचारी येऊन काचेवर नोटीस चिकटवतो, मुदत संपली की क्रेन येते. सोडवायला कोणी फिरकलं नाही तर गाडी लिलावात भंगाराच्या भावाने निघते. कागदावर सगळं सुटसुटीत आहे. भांडण लागतं ते नोटीस आणि क्रेनच्या मधल्या दिवसांत, कारण बेवारस ठरलेल्या गाडीला कधी कधी वारस निघतो.

पुण्यात माझ्या ओळखीच्या एका गल्लीत अशीच एक पांढरी मारुती ८०० उभी आहे. या गाडीचं उत्पादनच २०१४ मध्ये थांबलं, यावरून तिचं वय ओळखावं. मालक वारले, मुलगा परदेशात, काकू दुसऱ्या मजल्यावर एकट्या. आजूबाजूच्या इमारती रीडेव्हलपमेंटमध्ये नव्या झाल्या, तशी माणसंही नवी आली. ही गाडी काकूंची, हे त्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. नोटीस लागली तेव्हा काकू काठी टेकत खाली आल्या. “बेवारस कशी? मी जिवंत आहे ना अजून!”

तक्रार करणारा समोरच्या इमारतीतला तरुण काही वाईट माणूस नव्हे. “काकू, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण खाली उंदीर झालेत. पावसाळ्यात कव्हरच्या खळग्यात पाणी साचतं, त्यात डेंगीचे डास होतात. आमच्या घरी लहान मूल आहे.” त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं. शिवाय गल्लीत पी-वन, पी-टू आहे. विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. न हलणारी गाडी महिन्यातले निम्मे दिवस काहीही न करता नियम मोडत असते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि पेठेत आयुष्य गेलेल्या माणसाला शोभेल असा प्रश्न टाकला : “तुमची गाडी उभी असते त्या जागेचं भाडं किती भरता हो?”

लोक हसले आणि पांगले. मला मात्र तो प्रश्न अजून उत्तराची वाट पाहत असल्यासारखा वाटतो.

मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम १२७ काढून पाहावं. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली किंवा नुसती उभी करून ठेवलेली गाडी उचलून नेण्याची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. दहा तास! संध्याकाळी आठला लावलेली गाडी सकाळी नऊला निघाली, तरी तेरा झाले. शनिवार-रविवारचा हिशेब तर नकोच. म्हणजे कलम शब्दशः वाचलं, तर त्या गल्लीतल्या झाडून सगळ्या गाड्या रोज सकाळी त्यात बसतात. काकूंच्या मारुतीत आणि बाकीच्यांत उरतो तो फरक धुळीचा. पुसलेली गाडी आपल्याला शेजारी वाटते, धुळीने माखलेली गाडी अतिक्रमण वाटते.

आता जागेचं बघू. एका मोटारीला उभं राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर लागतात, म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. मुंबईतल्या बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात तिथे पिढ्यान् पिढ्यांचे संसार झाले, आणि त्या खोलीला निदान भाडं होतं. रस्त्यावरचे १३५ फूट आपण फुकट वापरतो, आणि फुकट वापरतो याची जाणीवही आपल्याला नसते. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण सभेत मंजूर केलं. रस्त्यावर गाडी लावायला पैसे मोजावे लागणार म्हटल्यावर एवढा आरडाओरडा झाला की ते आधी पाच रस्त्यांपुरतं आवळलं गेलं आणि मग बासनात गेलं. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून गाडी घेणाऱ्याला ती ठेवायला जागा असल्याचं दाखवावं लागतं. आपल्याकडे तशी अट आणायची चर्चा अधूनमधून उठते आणि विरते. विरोध करणाऱ्यांत बिनधुळीच्या गाड्यांचे मालकच जास्त असतात.

याचा अर्थ काकूंचं बरोबर होतं असा मुळीच नाही. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. तेराव्याच्या स्वयंपाकाची यादी करणाऱ्या घरात फॉर्म ३१ कोणाला आठवणार? ती मुदत एकदा उलटली की प्रतिज्ञापत्रं आली, इतर वारसांची संमती आली, संपलेला विमा आला, पंधरा वर्षं भरलेली नोंदणी आली. गाडी रीतसर भंगारात काढायची म्हटली तरी आधी हक्क शाबीत करावा लागतो. बघणाऱ्यांना वाटतं, बाईंनी नवऱ्याची आठवण म्हणून ठेवली आहे. अशा गाड्या पुष्कळदा नुसत्या कागदांपायी अडकलेल्या असतात. काकूंच्या बाबतीत दोन्ही होतं, हे त्यांनीच सांगितलं. “ह्यांच्या हातची गाडी,” असं म्हणून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. तरीही मी म्हणेन, आणि हे कठोर वाटेल, की दुःखाला घरात जागा करावी लागते. त्याच्यासाठी सगळ्यांच्या रस्त्यातले १३५ फूट मागता येत नाहीत.

तरुणाचं चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. फोटो काढून तक्रार करायला त्याला अर्धं मिनिट लागलं असेल. दोन जिने चढायला थोडा जास्त वेळ लागला असता. गाडी कोणाची हे जुन्या वॉचमनला माहीत होतं, नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याला माहीत होतं. नव्या शेजाऱ्यांकडून काकूंना आलेला पहिला निरोप म्हणजे काचेवर डकवलेली नोटीस, याची लाज त्यालाही नंतर वाटली. आरटीओच्या कामाचा एजंट शेवटी त्यानेच गाठून दिला. कागद आता हलताहेत, सरकारी कागद हलतात तसे.

जाता जाता एक. बेवारस गाड्यांचा खरा संग्रह पाहायचा असेल तर पोलीस ठाण्याबाहेर जावं. मुद्देमालाच्या जप्त गाड्या तिथे गंजत असतात, काहींच्या बॉनेटमधून झाडं उगवलेली असतात. अशी वाहनं ठाण्यात फार काळ ठेवू नका, फोटो काढा, पंचनामा करा आणि सोडा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे. त्या गाड्यांच्या काचेवर नोटीस कोणी चिकटवायची?

गल्लीतली मेलेली गाडी हलवा म्हणणाऱ्यांना मी हल्ली एक प्रश्न विचारतो. समजा, जागा मोकळी झाली आणि ठरलं की तिथे कोणाचीच गाडी लावायची नाही. फुटपाथ तेवढा रुंद करायचा, नाहीतर संध्याकाळी भाजीवाल्या मावशींना बसू द्यायचं, नाहीतर ज्येष्ठांसाठी एक बाकडं टाकायचं. मग तक्रार कायम ठेवाल? उंदीर, डास, अडलेला रस्ता ही कारणं खरी असतील तर उत्तर ‘हो’च यायला हवं.

त्याच गल्लीतल्या एका गृहस्थांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. “मग राहू दे ती मारुती,” ते म्हणाले. “तिच्या पुढची फट माझ्या गाडीला बरोबर पुरते.”