वय झालं आता त्याचं

मे महिन्यात सावनेरमध्ये पाण्याचं भांडं रिकामं झालं म्हणून कुणी चमकत नाही. कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते, माणसंच माठाभोवती घुटमळत असतात. तिथे घरातला कुत्रा जरा जास्त पाणी प्यायला तर नवल कसलं? ऊन आहे, पिणारच. मग मृग लागतो, कोलार नदीला पाणी येतं, कूलर झाकून ठेवले जातात, आणि कुत्र्याचं भांडं मात्र तितक्याच वेळा रिकामं होत राहतं. कधी नव्हे तो रात्री घरात लघवी करतो आणि बोलणी खातो. दिवाळीपर्यंत बरगड्या दिसू लागतात. तेव्हा कुणीतरी पाठीवरून हात फिरवत म्हणतं, ‘‘वय झालं आता त्याचं.’’

बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण हे वाक्य उच्चारलं की पुढचे सगळे प्रश्न मिटतात, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. जिना टाळणं, सुस्ती, केस विरळ होणं, सतत तहान लागणं हे सगळं म्हातारपणाच्या खात्यावर टाकलं जातं. यातल्या बऱ्याच गोष्टींमागे सांधेदुखी, थायरॉईड, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असतो. हे आजार बहुधा बरे होत नाहीत, पण सांभाळता येतात. त्यासाठी आधी कुणाच्या तरी लक्षात यावे लागतात. पशुवैद्यकातला एक साधा ठोकताळा असा: कुत्र्यानं दिवसाकाठी वजनाच्या दर किलोमागे शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी प्यायलं, तर ती तहान तपासून घ्यावी. म्हणजे तीस किलोच्या लॅब्रॅडोरला तीन लिटर. सकाळी मापानं भांडं भरायचं आणि रात्री उरलेलं मोजायचं, एवढंच काम. आणि घाई कशासाठी, तर रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते.

हे लक्ष देणं या भागाला नवं आहे, असं मला वाटत नाही. कापूस आणि संत्र्याच्या या पट्ट्यात बैलाकडे बघणारी नजर पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली आहे. बैलानं चारा टाकला, रवंथ थांबवला, उठताना एक पाय राखून धरला, की गोठ्यात शिरलेल्या माणसाला दिव्याच्या उजेडातही ते कळतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद आणि तूप लावून बैलाचे खांदे शेकतात. तो सण खरा, पण जुवाखाली वर्षभर घासलेल्या खांद्याची ती विचारपूसही आहे. खांदेसूज नावाचं दुखणं ज्याला ठाऊक होतं, त्यानंच हा विधी बसवला असणार.

पण त्या नजरेमागे हिशेबही होता, हे कबूल करायला हवं. बैल बसला तर पेरणी बसते. वेकोलिच्या, म्हणजे कोळसा कंपनीच्या, वसाहतीतल्या किंवा बाजारपेठेमागच्या घरातल्या कुत्र्याला मधुमेह झाला, तर कुणाचीच पेरणी अडत नाही. त्याचं दुखणं घरच्यांच्या सोयीला धक्का न लावता महिनोन्‌महिने चालू शकतं. शिवाय प्राणी दुखणं लपवतात. मांजर कण्हत नाही. फक्त पूर्वी ज्या कपाटावर उडी मारायची त्यावर मारत नाही, आणि आपण म्हणतो, शहाणी झाली. गोठ्यातली नजर हिशेबाविना घरात आणायची, हे खरं अवघड आहे.

आजाराचं नाव कळल्यावर दुसरी अडचण सुरू होते. आपल्याला धावपळीची सेवा जमते. अपघात झाला, रक्त आलं, की सारी गल्ली गोळा होते. रोज ठरलेल्या वेळी करायची सेवा मात्र महिन्याभरात अंगावर येते. मधुमेही कुत्र्याला बहुधा आयुष्यभर, दर बारा तासांनी इन्सुलिन लागतं. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नसेल तर डोसाबद्दल डॉक्टरांना विचारायचं, कारण उपाशीपोटी दिलेल्या इन्सुलिननं साखर घसरते, प्राणी झोकांड्या खातो, कधी झटके येतात. अशा वेळी हिरड्यांवर ग्लुकोज किंवा मध चोळून दवाखाना गाठायचा असतो. इन्सुलिनच्या बाटल्या ४० आणि १०० अशा दोन ताकदींच्या मिळतात. बाटली एकीची आणि सिरिंज दुसरीची, ही चूक जिवावर बेतू शकते. अपस्माराच्या गोळ्या ‘आता झटके येत नाहीत’ म्हणून एकाएकी थांबवल्या, तर झटके जास्त जोरानं परततात. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा टिक फीवर तर घरोघरी ठाऊक आहे. त्यातल्या एर्लिकियाच्या संसर्गावर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावं लागतं. कुत्रा पाचव्या दिवशी पोळी खायला लागतो आणि गोळ्यांचं पाकीट फ्रिजवरच राहून जातं. मग तोच आजार रेंगाळत अस्थिमज्जेपर्यंत पोचू शकतो.

औषध विसरण्याइतकंच आपल्या मनानं औषध देणंही घातक. लंगडतोय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन कुत्र्याला देऊ नये, आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते. ‘‘आम्हाला चालते, त्याला काय होतं?’’ हा प्रश्न मी औषधांच्या दुकानात ऐकलेला आहे. विचारणारा मनुष्य प्रेमळच होता.

सुई टोचताना जीव खालीवर होतो, हे मी समजू शकतो. पण इन्सुलिनच्या बाबतीत एक गोष्ट आठवणीत ठेवण्यासारखी आहे. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. हा आजार कुठल्या अवयवाशी बांधलेला आहे, हे त्यामुळे कळलं. पुढे १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांना तसाच मधुमेह घडवून त्यांच्यावर आपला अर्क वापरून पाहिला. मार्जोरी नावाची कुत्री त्या अर्कावर सुमारे ७० दिवस जगली. जानेवारी १९२२ मध्ये पहिल्या माणसाला, एका मुलाला, इंजेक्शन मिळालं. आज सावनेरच्या औषध दुकानातल्या फ्रिजमधून आजोबांची बाटली घरी येते, ती या वाटेनं. त्या कुत्र्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या औषधाचे चार थेंब कुत्र्याच्याच वाट्याला आले, तर त्याला लाड म्हणणं मला तरी जड जातं.

आता पैशाचं बोलू या, कारण नीतीच्या गप्पा पैशापाशी येऊन अवघडतात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचं मुख्य काम गाई-म्हशी, शेळ्या, लसीकरण आणि कृत्रिम रेतन. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा याच यंत्रणेनं ती अंगावर घेतली. १९६२ या क्रमांकावर फिरतं पथक बोलावता येतं. पण कुत्र्याची सोनोग्राफी, हृदयाची तपासणी असं काही निघालं की बहुधा नागपूरची वाट धरावी लागते. तिथे १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. अंतर चाळीसेक किलोमीटरचं, पण सांध्यांनी अधू झालेल्या मोठ्या कुत्र्याला एसटीत कोण घेणार? मुंबईत २०२४ मध्ये टाटा ट्रस्टच्या पुढाकारानं लहान प्राण्यांचं सुसज्ज रुग्णालय उघडलं. आनंद आहे, पण इथून ते आठशेहून अधिक किलोमीटरवर आहे.

तेव्हा घरातल्या माणसाचं डायलिसिस आणि कुत्र्याच्या तपासण्या यांत ज्याला निवड करावी लागते, त्याला निर्दय म्हणणारा मी कोण? दोष आहे तो न बोलण्यात. ‘‘डॉक्टर, महिन्याला एवढेच पैसे काढू शकतो, त्यात काय होईल?’’ असं विचारायला आपण लाजतो आणि दवाखाना बदलतो, किंवा जाणंच सोडतो. वजन आटोक्यात आणलं तर दुखऱ्या सांध्यांना पुष्कळ आराम पडतो आणि त्याला एक रुपया लागत नाही. उलट वाचतो. मीठ घातलेला घास हृदयरोगी कुत्र्याला न देणं, सणाची जिलबी मधुमेही कुत्र्यापासून दूर ठेवणं, यालाही पैसे लागत नाहीत. पाहुण्यांना तेवढं ठणकावून सांगावं लागतं, आणि आपल्याकडे ते पैशापेक्षा महाग पडतं.

ज्याच्याबद्दल मला दया येत नाही, तो मार्ग वेगळा. ‘‘ओळखीच्यांच्या संत्र्याच्या बागेत राखणीला दिला, मोकळा राहतो बिचारा,’’ असं मुलांना सांगितलं जातं. धडधाकट कुत्रा बागेत सुखानं राहीलही. दर बारा तासांनी सुई लागणारा कुत्रा तिथे किती दिवस काढणार, हे सांगणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. पाळलेल्या प्राण्याला उपासमार किंवा तहान भोगावी लागेल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. या कायद्याच्या धाकानं कुणी थांबेल असं दिसत नाही. मुलं मात्र बागेत भेटायला जाऊ या म्हणतात, तेव्हा पंचाईत होते.

आणि शेवट. तो आज ना उद्या येतोच. इथे मला १९२८ साल आठवतं. साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांत पडलेलं होतं, कूसही बदलता येत नव्हती, उपचार संपले होते. गांधीजींनी आश्रमातल्या सहकाऱ्यांशी बोलून डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याला मुक्त केलं आणि त्यावर लेखही लिहिला. देशभरातून संतापाची पत्रं आली. अहिंसेच्या आश्रमात गोहत्या! गांधीजींचं म्हणणं थोडक्यात असं की आजारी माणसाला आपण मारत नाही, कारण बहुधा आपल्या हाती त्याच्या मदतीचं काहीतरी उरलेलं असतं आणि तो स्वतः विचार करून ठरवू शकतो. जिथे मदतीचं काहीच उरत नाही, तिथे वेदना संपवण्यात हिंसा नाही.

ही कसोटी दोन्हीकडून कापते. मधुमेहाचं निदान झालं त्याच दिवशी ‘‘इंजेक्शन देऊन सोडवून टाका’’ म्हणणारा तिच्यावर उतरत नाही, कारण मदतीचं पुष्कळ काही शिल्लक असतं. मूत्रपिंडं पूर्ण थकली, अन्न-पाणी सुटलं, उठता येत नाही, तरी ‘‘आमचा जीव होत नाही’’ म्हणून सलाईनवर ठेवणाराही उतरत नाही; तिथे आपला जीव हा मुद्दाच नसतो. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस विलालोबोस यांनी अशा वेळेसाठी सात गोष्टींची मोजपट्टी केली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. गुणांच्या बेरजेवर माझा फारसा विश्वास नाही. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज चांगल्या दिवसाला एक खूण आणि वाईट दिवसाला दुसरी केली, तर पंधरवड्यानं आपण आपल्याशी खोटं बोलू शकत नाही, एवढा तिचा उपयोग नक्की.

हा निर्णय घरात कसा होतो, तेही बघण्यासारखं असतं. कुत्रा आणला मुलाच्या हट्टासाठी, नाव ठेवलं वडिलांनी, फोटो टाकले मुलीनं. सकाळ-संध्याकाळ सुई टोचली, ओल्या चादरी धुतल्या, काटोलच्या लग्नाला न जाता मागे राहिली ती बहुतेक घरांत आई. शेवटच्या बैठकीत डॉक्टरांसमोर सगळे आपापलं मत सांगतात. तिला कुणी विचारलंच नाही, असं होऊ देऊ नये. कुत्रा आज किती खातो, कुठे हात लावला की मान फिरवतो, हे फक्त तिलाच सांगता येतं; आणि ती बहुधा तेव्हा सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेलेली असते.